विश्लेषण : साठीनंतर छिन्नी हाती घेतली, नव्वदीपर्यंत हजार मूर्ती घडवल्या… जपानचे ‘हसऱ्या मूर्तीं’चे भिक्षू मोकुजिकी कोण होते?

जपानमधील जुन्या घरात किंवा दुकानात गेल्यास फळीवर एक छोटी लाकडी मूर्ती हमखास दिसते. तांदळाच्या पोत्यांवर उभा असलेला, पाठीवर झोळी, हातात लाकडी हातोडी आणि गालभर हसू असलेला हा देव म्हणजे दाइकोकुतेन. त्याच्या शेजारी बहुतेक वेळा मासा धरलेला एबिसू असतो. घरात धान्य कमी पडू नये आणि धंद्यात बरकत यावी, यासाठी ही जोडी ठेवण्याची पद्धत आहे. अशा शुभ मूर्ती अनेकांनी घडवल्या. पण अठराव्या शतकात एका फिरस्त्या भिक्षूने त्या गावोगावी फिरून घडवल्या आणि जिथे घडवल्या तिथेच ठेवून तो पुढे गेला. त्याचे नाव मोकुजिकी. निधनानंतर शंभर वर्षे त्यांचे नाव जवळपास पुसले गेले होते. आज त्यांच्या मूर्ती जपानमधील संग्रहालयांत मानाने ठेवल्या जातात. हे मोकुजिकी कोण होते आणि त्यांच्या मूर्तींत वेगळे काय आहे, जाणून घेऊया.

घरातून शेतावर म्हणून निघाले ते…

मोकुजिकी यांचा जन्म १७१८ मध्ये काई प्रांतातील मारुबाताके या डोंगराळ गावात झाला. हे गाव आजच्या यामानाशी प्रीफेक्चरमधील मिनोबू भागात येते. घर शेतकऱ्याचे, आडनाव इतो. ते घरातील दुसरे अपत्य होते. घरची शेती थोरल्या मुलाकडे जाण्याची रीत असल्याने धाकट्यांना बाहेर पोट भरावे लागे.

वयाच्या १४व्या वर्षी शेतावर जातो असे सांगून ते घराबाहेर पडले आणि थेट एदो म्हणजे आजच्या टोकियोला पोहोचले. तिथे त्यांनी बरीच वर्षे मिळेल ती कामे केली. चाकरी मिळायची, सुटायची, पुन्हा शोधावी लागायची. हा तपशील त्यांनी स्वतःच म्हातारपणी लिहून ठेवला आहे.

२२व्या वर्षी ते सागामी प्रांतातील ओयामा या डोंगरावरील तीर्थस्थळी गेले. तिथे शिंगोन पंथाच्या एका भिक्षूकडून त्यांनी दीक्षा घेतली. शिंगोन हा जपानमधील तंत्रमार्गी बौद्ध पंथ आहे. मंत्र, मुद्रा आणि होम यांना त्यात महत्त्व आहे.

(त्यांची वये इथे जपानच्या जुन्या पद्धतीप्रमाणे दिली आहेत. तिच्यात जन्मतःच वय एक धरले जाते आणि प्रत्येक नववर्षाला ते एकने वाढते.)

‘मोकुजिकी’ हे नाव आहे की व्रत?

जपानी भाषेत ‘मोकुजिकी’ या शब्दाचा अर्थ ‘झाडाचे खाणारा’. हे मूळ व्यक्तीचे नाव नसून एका कडक व्रताचे नाव आहे. हे व्रत घेणारा भिक्षू तांदूळ, गहू यांसारखी धान्ये, मीठ आणि शिजवलेले अन्न वर्ज्य करतो. झाडाची फळे, कवचाची फळे, कंदमुळे यांवर तो राहतो. आपल्याकडे उपवासाला धान्य सोडून फराळ करतात. इथे मात्र तो नेम एका दिवसाचा नव्हता, आयुष्यभराचा होता.

१७६२ मध्ये, वयाच्या ४५व्या वर्षी, हिताची प्रांतातील कान्काई या ज्येष्ठ भिक्षूकडून त्यांनी हे व्रत घेतले. ते गुरूही मोकुजिकीच म्हणवले जात. जपानच्या इतिहासात या उपाधीचे अनेक भिक्षू होऊन गेले. त्यामुळे पुढे एका मोकुजिकींची गोष्ट दुसऱ्याच्या नावावर जाणे सोपे झाले. आपल्या मोकुजिकींनी तर स्वतःचे नावही वेळोवेळी बदलले. आधी ग्योदो, ७६व्या वर्षी गोग्यो आणि ८९व्या वर्षी म्योमान.

मूर्ती घडवायला सुरुवात कधी केली?

या आयुष्यातला सर्वांत आश्चर्याचा भाग इथे येतो. १७७३ मध्ये, ५६व्या वर्षी, मोकुजिकी यांनी संपूर्ण जपानची पायी यात्रा करण्याचा संकल्प सोडला. प्रत्येक प्रांतातील प्रमुख मंदिरात जायचे, सूत्रपाठ अर्पण करायचा आणि मंदिराचा शिक्का वहीत घ्यायचा, अशी ही यात्रा होती. तोपर्यंत त्यांनी मूर्ती घडवल्याचा एकही पुरावा मिळत नाही.

पाच वर्षे चालून १७७८ मध्ये ते जपानच्या उत्तर टोकापलीकडील एझो बेटावर पोहोचले. हे बेट म्हणजे आजचे होक्काइदो. त्यांच्या सर्वांत जुन्या ज्ञात मूर्ती याच मुक्कामातल्या आहेत. तेव्हा त्यांचे वय साठीच्या पुढे होते.

त्यांना हे सुचले कसे, याचे एक पटणारे उत्तर अभ्यासक देतात. त्यांच्या आधी सुमारे शंभर वर्षे एन्कू नावाचा दुसरा फिरस्ता भिक्षू याच बेटावर येऊन गेला होता. एन्कू (१६३२–१६९५) यांनी कुऱ्हाड आणि छिन्नीच्या मोजक्या घावांत हजारो मूर्ती घडवल्या. त्यांच्या पाच हजारांहून अधिक मूर्ती आजही शिल्लक आहेत. एझोमधील गुहांत आणि देवळांत एन्कूंच्या मूर्ती होत्या. त्या मोकुजिकींच्या पाहण्यात आल्या असाव्यात, असे मानले जाते.

एन्कू आणि मोकुजिकी यांची शैली मात्र अगदी वेगळी आहे. एन्कूंच्या मूर्ती कोनदार असतात, त्यांत लाकूड फोडल्याच्या खुणा तशाच राहतात. मोकुजिकींच्या मूर्ती गोल असतात. गोल चेहरा, फुगलेले गाल, गोलाईने उतरणारे खांदे, बारीक झालेले डोळे आणि हसू. म्हणून जपानमध्ये त्यांना ‘हसरे बुद्ध’ म्हटले जाते.

गावात आल्यावर नेमके काय व्हायचे?

मोकुजिकी गावात येत, देवळात किंवा कोणाच्या घरी उतरत. मुक्काम एका रात्रीचा असे, कधी काही महिन्यांचा. सादो बेटावर तर ते चार वर्षे राहिले. मिळेल त्या लाकडातून मूर्ती घडवायची, ती त्या गावाला द्यायची आणि पुढच्या गावाला निघायचे, असा क्रम असे. त्यांचा कारखाना नव्हता, शिष्यांची शाळाही नव्हती.

त्या काळात मोठ्या मंदिरांसाठी मूर्ती घडवणाऱ्या व्यावसायिक मूर्तिकारांची घराणी होती. ते अनेक तुकडे जोडून मूर्ती बनवत, त्यावर लाख आणि सोन्याचा वर्ख चढवत. अशी मूर्ती घेणे डोंगरातल्या शेतकऱ्याला परवडणारे नव्हते. मोकुजिकी साधारणपणे एकाच ओंडक्यातून मूर्ती काढत. पुढची बाजू कोरायची आणि मागची सपाट ठेवायची. काही ठिकाणी तर त्यांनी उभ्या, जिवंत झाडाच्या खोडातच देव कोरला.

मागच्या सपाट बाजूला ते शाईने मजकूर लिहीत. त्यात तारीख, स्वतःचे नाव, वय आणि जगात शांतता नांदावी अशी प्रार्थना असे. पुढे शंभर वर्षांनी याच नोंदी कामाला आल्या.

मूर्ती कोणाच्या? बुद्ध आणि करुणेची देवता कान्नोन यांच्या मूर्ती त्यांनी भरपूर केल्या. लहान मुलांचा आणि वाटसरूंचा रक्षक मानला जाणारा जिझो, आजार बरे करणारा याकुशी यांच्याही केल्या. पण शेतकऱ्यांच्या घराशी थेट नाते होते ते दाइकोकुतेन आणि एबिसू यांचे. या दोघांना मोठे देऊळ लागत नाही. चुलीजवळची फळी किंवा दुकानातला कोनाडा पुरतो.

दाइकोकुतेन म्हणजे आपला महाकाल?

हो, मूळ तोच. ‘दाइकोकु’ या शब्दाचा अर्थ ‘मोठा काळा’. संस्कृत ‘महाकाल’चे हे शब्दशः भाषांतर आहे. महाकाल म्हटले की आपल्यासमोर उज्जैन येते, शंकराचे उग्र रूप येते. मग तो पोत्यांवर उभा राहून हसायला कधी लागला?

याचा एक दुवा भारतातच सापडतो. सातव्या शतकात इत्सिंग हा चिनी भिक्षू भारतात आला होता आणि नालंदा येथे राहिला होता. त्याने नोंदवले आहे की, इथल्या मोठ्या विहारांत स्वयंपाकघराच्या खांबाजवळ महाकालाची लाकडी मूर्ती ठेवलेली असे. हातात पैशांची थैली असलेल्या या मूर्तीला रोज तेल लावले जाई, त्यामुळे ती काळी पडे. विहारातल्या भिक्षूंना अन्न कमी पडू देऊ नये, हे या देवाचे काम होते.

स्वयंपाकघराचा हा रक्षक चीनमार्गे जपानी मठांत पोहोचला. तिथे त्याची ‘ओकुनिनुशी’ या स्थानिक देवाशी गाठ पडली. त्या देवाच्या नावाची चिन्हेही ‘दाइकोकु’ अशी वाचता येतात. दोन देव एक झाले. उग्र रूप मागे पडले आणि झोळी, हातोडी, तांदळाची पोती ही ओळख पक्की झाली. ती हातोडी आपटली की मनातली वस्तू मिळते, अशी समजूत आहे. जपानी घराच्या मुख्य खांबाला आजही ‘दाइकोकु-बाशिरा’ म्हणजे दाइकोकूचा खांब म्हणतात. घर चालवणाऱ्या कर्त्या माणसालाही हाच शब्द वापरतात.

जपानमध्ये नववर्षाला ज्या सात भाग्यदेवतांची चित्रे आणि मूर्ती मांडतात, त्यांत दाइकोकुतेन एक. त्यांतील बेन्झाइतेन म्हणजे सरस्वती आणि बिशामोन्तेन म्हणजे वैश्रवण, अर्थात कुबेर. सातांपैकी तीन देव मूळचे भारतीय आहेत. एबिसू मात्र अस्सल जपानी.

आगीत सगळे गेले, तेव्हा…

१७८८ मध्ये मोकुजिकी दक्षिणेकडील क्युशू बेटावर ह्यूगा प्रांतात (आजचे मियाझाकी) पोहोचले. तिथल्या कोकुबुन्जी या जुन्या मंदिराची व्यवस्था पाहणारे कोणी नव्हते. लोकांच्या आग्रहाने त्यांनी ती जबाबदारी घेतली. १७९१ मध्ये मंदिराला आग लागली आणि ते जळून गेले.

फिरस्त्याला तिथून निघून जाणे सोपे होते. सत्तरी ओलांडलेले मोकुजिकी मात्र थांबले. देणग्या गोळा करून त्यांनी मंदिर पुन्हा उभे केले आणि त्यासाठी पाच बुद्धांचा संच घडवला. यातील प्रत्येक मूर्ती सुमारे तीन मीटर उंच आहे. त्यांच्या आजवर सापडलेल्या कामांत ही सर्वांत भव्य मानली जातात. या एका ठिकाणी त्यांची जवळपास दहा वर्षे गेली.

याच काळात, ७६व्या वर्षी, त्यांनी हजार मूर्ती घडवण्याचा संकल्प केला. त्यानंतरच्या मूर्तींच्या मागे ‘हजारांपैकी एक’ अशा अर्थाची नोंद दिसू लागते.

जन्मगावी परतल्यावर काय घडले?

१८०० मध्ये, वयाच्या ८३व्या वर्षी, ते मारुबाताकेला परतले. गावकऱ्यांनी त्यांच्याकडे एक मोठे काम मागितले. शिकोकू बेटावर ८८ मंदिरांची प्रसिद्ध यात्रा आहे. डोंगरातल्या गरीब गावकऱ्यांना तिथे जाणे शक्य नव्हते. मग ती ८८ मंदिरे गावातच आणायची, असे ठरले. बारा ज्योतिर्लिंगांच्या प्रतिकृती एकाच आवारात मांडाव्यात, तसाच हा प्रकार. मोकुजिकींनी साधारण वर्षभरात ८८ देवांच्या आणि आणखी काही मूर्ती पूर्ण केल्या. त्या ठेवण्यासाठी ‘शिकोकू-दो’ नावाची छोटी वास्तू उभी राहिली.

१८०२ मध्ये त्यांनी या वास्तूसाठी एक मजकूर लिहिला. त्यात घर सोडण्यापासून संकल्पापर्यंतची स्वतःची हकिकत थोडक्यात सांगितली. त्यांच्या आयुष्याबद्दल जे माहीत आहे, त्यातले बरेचसे या कागदामुळे.

तरीही ते गावात थांबले नाहीत. पुढची वर्षे एचिगो (आजचे नीगाता), मग क्योतोजवळचे तांबा आणि आजच्या ह्योगोमधील इनागावा असा प्रवास झाला. १८०६ मध्ये तांबातील सेइगेन्जी मंदिरात त्यांनी १६ अर्हतांच्या मूर्ती घडवल्या. अर्हत म्हणजे निर्वाणपदाला पोहोचलेले बुद्धशिष्य. पण मोकुजिकींचे अर्हत गंभीर नाहीत. गावच्या पारावर गप्पा मारत बसलेल्या म्हाताऱ्यांसारखे ते दिसतात. नव्वदीच्या उंबरठ्यावर हजाराचा संकल्प पूर्ण झाला, तेव्हा त्यांनी तो दोन हजारांवर नेला.

१८१० मध्ये, ९३व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. ही तारीख कुटुंबाने जपलेल्या एका कागदी स्मृतिपत्रावरून कळते.

मग शंभर वर्षे त्यांचा विसर का पडला?

याची कारणे तीन. पहिले म्हणजे, त्यांच्या मूर्ती राजधानीत नव्हत्या. दूरच्या गावांत, चुलीच्या धुराने काळवंडलेल्या फळ्यांवर आणि कुलूप नसलेल्या देवळांत त्या होत्या. गावकऱ्यांसाठी त्या रोजच्या वापरातल्या होत्या. एन्कू आणि मोकुजिकी यांच्या मूर्ती मुले खेळायला नेत, बर्फावर घसरगुंडीसाठी वापरत, अशा आठवणी गावोगाव सांगितल्या जातात. काही मूर्तींचे नाकडोळे हात फिरवून गुळगुळीत झाले आहेत.

दुसरे कारण राजकीय. १८६८ नंतर मेइजी सरकारने शिंतो आणि बौद्ध धर्म वेगळे करण्याचा आदेश काढला. त्यातून बौद्ध मंदिरांची मोडतोड झाली, अनेक मूर्ती नष्ट झाल्या किंवा विकल्या गेल्या. तिसरे कारण अभ्यासकांच्या दृष्टीचे. जपानी शिल्पकलेचा सुवर्णकाळ तेराव्या-चौदाव्या शतकापर्यंत संपला, असा समज रूढ होता. त्यानंतरच्या काळातल्या, तेही कोणत्याही घराण्याचे नाव नसलेल्या भिक्षूच्या मूर्तींकडे कोण पाहणार?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मारुबाताकेतील शिकोकू-दोमधल्या मूर्तीही विकल्या गेल्या आणि त्या विखुरल्या.

त्यांना पुन्हा कोणी शोधले?

जानेवारी १९२४. टोकियो उद्ध्वस्त करणाऱ्या भूकंपाला जेमतेम चार महिने झाले होते. यानागी सोएत्सू हे ३४ वर्षांचे विचारवंत कोफू शहराजवळ कोमियामा सेइझो यांच्या घरी गेले. त्यांना कोरियन चिनी मातीची भांडी पाहायची होती. तिथे कोठीच्या अंधारात ठेवलेल्या दोन लाकडी मूर्ती त्यांच्या नजरेस पडल्या. त्या शिकोकू-दोमधून विकल्या गेलेल्या मूर्तींपैकी होत्या. यानागी भारावून गेले. कोमियामा यांनी त्यांतील जिझोची मूर्ती त्यांना भेट दिली.

त्याच वर्षी यानागी मारुबाताकेला गेले. तिथे त्यांना मोकुजिकींच्या यात्रेच्या वह्या आणि १८०२चा तो मजकूर मिळाला. वह्यांत मुक्कामाची ठिकाणे आणि तारखा होत्या. तोच नकाशा मानून ते पुढची दोन-तीन वर्षे गावोगाव फिरले. ज्या गावाची नोंद असेल तिथे जायचे, देवळांत आणि घरांत शोधायचे, मूर्तीच्या पाठीवरची शाई वाचायची. अशा शेकडो मूर्ती उजेडात आल्या. आज त्यांच्या सहाशेहून अधिक मूर्ती ज्ञात आहेत.

या शोधातून आणखी एक गोष्ट जन्माला आली. १९२५च्या अखेरीस मोकुजिकींच्या शोधासाठीच यानागी हे कुंभार कावाई कान्जिरो आणि हामादा शोजी यांच्यासोबत की भागात प्रवास करत होते. सामान्य माणसांनी सामान्य माणसांसाठी केलेल्या वस्तूंच्या सौंदर्याला काय म्हणायचे, यावर तिघे बोलत होते. त्या प्रवासात ‘मिंगेई’ म्हणजे ‘लोककला’ हा शब्द तयार झाला. १९३६ मध्ये टोकियोच्या कोमाबा भागात जपान लोककला संग्रहालय उभे राहिले. सुमारे ७० सेंटिमीटर उंचीची ती जिझोची मूर्ती आता तिथे आहे.

फळीवरचा देव काचेत गेला, हे बरे की वाईट?

मोकुजिकींबद्दल बोलताना हा प्रश्न टाळता येत नाही. शिकोकू-दोच्या मूर्ती मारुबाताकेच्या लोकांसाठी घडवल्या होत्या. ज्यांना यात्रेला जाता येत नाही, त्यांना घराजवळ देव मिळावा, हा त्यामागचा हेतू होता. त्यांतील अनेक मूर्ती आता गावात नाहीत. संग्राहक आणि संग्रहालये यांच्यामुळे त्या वाचल्या, पण ज्यांच्यासाठी होत्या त्यांच्यापासून दूर गेल्या. मारुबाताकेत आता मोकुजिकींच्या नावाने एक छोटे संग्रहालय आहे. नीगाता, ह्योगो, मियाझाकी येथील काही मूर्ती मात्र अजूनही ज्या देवळांना दिल्या होत्या तिथेच आहेत आणि त्यांची पूजा होते.

यानागी यांनी या मूर्तींचे मोल ओळखले, कारण त्या साध्या होत्या. गावकऱ्यांनी त्या विकल्या किंवा मुलांना खेळायला दिल्या, त्याचेही कारण साधेपणाच होते. मोकुजिकींनी स्वतः मात्र मूर्ती जपून ठेवण्याचा विचार केलेला दिसत नाही. त्यांनी मूर्ती दिली, पाठीवर तारीख लिहिली आणि ते पुढच्या गावाला निघाले. दाइकोकूची मूर्ती शुभ मानली जाते ती चुलीजवळ ठेवायची असते म्हणून. नालंदाच्या स्वयंपाकघरातल्या खांबापासून मारुबाताकेच्या फळीपर्यंत या देवाकडे लोकांनी एकच मागणे केले आहे. घरात आलेल्या कोणालाही अन्न कमी पडू नये. ज्या भिक्षूने स्वतः आयुष्यभर धान्य सोडले होते, त्याने हा भरल्या पोत्यांवरचा हसरा देव घरोघरी पोहोचवला.